प्रत्येक खाज ही खरूज नसते

मारुंजीला लागून हिंजवडीचे आयटी पार्क आहे आणि याच मुळशी तालुक्यात वीटभट्ट्यांवर राबणारी कातकरी कुटुंबेही आहेत. अशा वस्त्यांवर त्वचेच्या तक्रारी खूप. दाटीची खोपटी, पाण्याची टंचाई, तिघांत एक गोधडी. मग खरूज होणारच. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि घरातले आणखी दोघे खाजवत असले, तर ती बहुधा खरूजच. सगळ्या घराने एकदम औषध लावावे.

पण क्वचित एखाद्याच्या अंगावरची खूण रक्तातल्या दुखण्याची असते. रक्त अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात तयार होते. तिथे कर्करोगाच्या पेशी माजल्या की चांगल्या पेशींना जागा उरत नाही. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट घटतात आणि नडग्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटतात. बोटाने दाबले तरी ते फिके होत नाहीत. सावळ्या कातडीवर ते सहज दिसत नाहीत, म्हणून टाळूवरही पाहावे. डेंगीतही असे ठिपके येतात. मात्र सोबत मार न लागता काळेनिळे डाग, फिकटपणा, न हटणारा ताप किंवा सुजलेल्या हिरड्या असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

दुसरी खूण फसवी आहे. ताप येतो आणि चेहरा, मान, हातांवर दुखरे लाल उंचवटे उठतात. डॉ. स्वीट यांनी १९६४ साली या आजाराचे वर्णन केले. बहुतेकांना तो इतर कारणांनी होतो, पण काहींत त्यामागे रक्ताचा कर्करोग असतो. स्टेरॉइडने उंचवटे थोड्या दिवसांत बसतात. म्हणूनच औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेली गोळी घातक: अंग स्वच्छ दिसते आणि मूळ दुखणे आत वाढत राहते.

कुष्ठरोगाच्या कामात असलेल्या आपल्या वाचकांनी तिसरी खूण ध्यानात ठेवावी. मायकोसिस फंगॉइड्स या नावात बुरशी असली तरी तो लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा, त्वचेत वाढणारा कर्करोग आहे. सावळ्या त्वचेवर त्याचे फिके चट्टे कुष्ठरोगासारखे दिसतात. मात्र कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर सहसा स्पर्श कळत नाही, इथे कळतो. वर्षानुवर्षे मलमे लावूनही चट्टे हटत नसतील तर त्वचेचा तुकडा तपासावा लागतो, कारण रक्ततपासणी बरेचदा ठीकच येते.

पहिल्या दोन खुणांना मात्र सीबीसी ही साधी रक्ततपासणी पुष्कळदा वाट दाखवते. पुढे अस्थिमज्जेची तपासणी आणि उपचार यांसाठी पुण्याचे ससून किंवा परळचे टाटा रुग्णालय आहे. लहान मुलांतला सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग पूर्ण उपचार मिळाल्यास बहुसंख्य मुलांत बरा होतो. उपचार मात्र दोन-तीन वर्षे चालतात आणि भट्टीचा हंगाम संपला की कुटुंब गाव सोडते; तिथेच उपचार तुटतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड उपयोगी पडते, आणि पुष्कळ कातकरी घरांत तेच नसते. त्यामुळे वस्तीवर जाताना औषधांच्या पेटीबरोबर रेशनकार्डाचे अर्जही न्यावेत.