थांबा म्हणजे काय?

मुळशीशेजारील मावळातून जाणारा खंडाळा-पुणे लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला. गाडी थांबते ते प्रत्येक ठिकाण सारखे नसते, हे मुलांस समजावून द्यावे. स्थानकात स्टेशनमास्तर असतो. तो सिग्नल देऊन गाड्यांस वाट देतो. ‘थांबा’ म्हणजे बहुधा फलाट व नामफलक एवढेच. अनेक थांब्यांवर तिकिटे विकणारा इसम रेल्वेचा नोकर नसून कमिशनवर नेमलेला ठेकेदार असतो. जपानच्या खेड्यांत तर कित्येक स्थानके निर्मनुष्य असतात. प्रवासी चढताना क्रमांकाची चिठ्ठी घेतो व उतरताना चालकाजवळच्या पेटीत भाडे टाकतो. अशा ठिकाणी रुळांवर उतरणाऱ्या मुलास हटकणारा कोणी नसतो. पहारेकरी नसतानाही पाळली जाते तीच खरी शिस्त, हे शिक्षकांनी मुलांच्या मनावर ठसवावे.