निकालापूर्वीची जप्ती आणि नोटिशीची बजावणी

'जप्ती' हा शब्द अरबी 'जब्त'वरून आला असून त्याचा मूळ अर्थ आवरून धरणे असा आहे. उर्दूत राग वा अश्रू आवरण्यालाही 'जब्त करना' म्हणतात. बोली मराठीत मात्र जप्ती म्हणजे मालमत्ता गेली, असाच समज आहे. निकालापूर्वीच्या जप्तीला शब्दाचा मूळ अर्थच लागू पडतो. मालकी प्रतिवादीकडेच राहते; विक्री वा बक्षीसपत्र तेवढे रोखले जाते.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ३८, नियम ५ हा या जप्तीचा आधार होय. हुकूमनामा निष्फळ करण्याच्या हेतूने प्रतिवादी मालमत्ता विकत आहे किंवा न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेत आहे, अशी न्यायालयाची खात्री व्हावी लागते. केवळ येणे मोठे आहे, हे कारण पुरेसे नाही. विनातारण कर्जाचे तारणी कर्ज करून देणे हा या नियमाचा उद्देश नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने रमण टेक प्रकरणात २००७ साली स्पष्ट केले.

खात्री झाल्यावर न्यायालय प्रतिवादीला मुदत देते व जामीन द्या किंवा तो का देऊ नये याचे कारण दाखवा, असे फर्मावते. त्याच वेळी सशर्त जप्तीही करता येते. मात्र ही संधी न देता केलेली जप्ती पोटनियम ४ नुसार रद्दबातल ठरते. म्हणूनच नोटिशीच्या बजावणीला महत्त्व आहे.

नोटीस समन्सप्रमाणेच बजावली जाते. प्रतिवादी घरी नसेल आणि वाजवी वेळेत भेटण्याचा संभव नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातील प्रौढ व्यक्तीला, मग ती स्त्री असो वा पुरुष, प्रत देता येते. नोकराला देता येत नाही. कागद घेण्यास नकार दिल्यास बेलीफ प्रत दारावर डकवतो व तसा अहवाल न्यायालयाला देतो.

कागद घेतला नाही की प्रकरण टळले, असे अनेक घरांत मानले जाते. प्रत्यक्षात नकारानंतरही बजावणी पूर्ण झाल्याचे न्यायालय ठरवू शकते. मग मुदत संपते आणि बाजू न ऐकताच जप्ती होते. कागद घेणे म्हणजे देणे कबूल करणे नव्हे. उलट, त्यामुळे उत्तर देण्याचा मार्ग खुला होतो. जामीन दिल्यास किंवा दावा फेटाळला गेल्यास जप्ती उठते. अपुऱ्या कारणांवर जप्ती मिळवली असल्यास कलम ९५ खाली पन्नास हजार रुपयांपर्यंत भरपाईही मागता येते.

विद्यार्थ्यांना अर्जलेखन शिकवताना अशी नोटीसही वाचून दाखवावी. त्यातील तारीख, मुदत आणि न्यायालयाचे नाव ओळखता आले, तरी घरात आलेला कागद परत पाठवण्याऐवजी वकिलाकडे जाईल.