टेट्रा मासे आणल्यावर आठवडाभरातच का मरतात?

निऑन टेट्रा हा जेमतेम ३ ते ४ सेंटिमीटरचा मासा मूळचा ॲमेझॉन खोऱ्यातल्या मऊ पाण्यातला. जालन्यात बोअरचं पाणी बहुधा जड, आणि उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. टेट्राला २२ ते २६ अंश मानवतात.

मग काय करायचं?

मासे आणण्याआधी महिनाभर फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाका. विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू तेवढ्यात वाढतात. बोअरच्या पाण्यात आरओचं पाणी मिसळा. किमान ६ टेट्रा एकत्र ठेवा. एकटा मासा घाबरून राहतो. टाकी उन्हापासून दूर ठेवा, उन्हाळ्यात वरून पंखा लावा. दर आठवड्याला पाव टाकीच पाणी बदला. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, टंचाईत तेही वाया जाणार नाही.