पहिल्या कॅमेऱ्यामागचे प्रकाशशास्त्र
डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या आरशावरून वर वळतो, तेथील पंचकोनी लोलकातून सुलट होऊन पाहणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत पोहोचतो, आणि बटण दाबताच आरसा वर उचलला जाऊन, शटरचा पडदा उघडून तोच प्रकाश मागच्या संवेदकावर, म्हणजे सेन्सरवर, पडतो. ज्या भिंगातून दृश्य दिसते त्याच भिंगातून छायाचित्र घेणारी ही रचना ३५ मिलिमीटर फिल्मसाठी १९३६ साली ड्रेस्डेनच्या ‘किने एक्झाक्टा’ने रूढ केली, तर १९९१ मध्ये कोडॅकने निकॉनच्या एफ३ या फिल्म कॅमेऱ्याला १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर जोडून तिला डिजिटल रूप दिले. निर्मात्यांचे लक्ष आता आरसाविरहित कॅमेऱ्यांकडे वळले असले, तरी त्यामुळेच सुस्थितीतले जुने डीएसएलआर आवाक्यात आले असून, शिकण्यासाठी ते आजही उत्तम साधन आहे.

खरेदीच्या वेळी पहिली चौकशी होते ती मेगापिक्सेलची, म्हणजे दशलक्षांत मोजलेल्या चित्रबिंदूंची, आणि तीच सर्वांत कमी महत्त्वाची आहे. ए-४ कागदावर इंचाला ३०० बिंदू या दर्जाने छापण्यास ८.७ मेगापिक्सेल पुरतात, आणि साधारण नवशिक्यांच्या कॅमेऱ्यात त्याच्या दुपटीहून अधिक असतात. चित्राचा दर्जा ठरतो तो सेन्सरपर्यंत किती प्रकाश पोहोचतो आणि तो टिपताना कॅमेरा किती स्थिर राहतो यावर. म्हणून उरलेले पैसे याच दोन गोष्टींवर खर्च व्हावेत.

कॅमेऱ्यासोबत बहुधा १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स येते, जिचे छिद्र ५५ मिलिमीटरला एफ/५.६ पेक्षा मोठे उघडत नाही. एफ-अंक म्हणजे लेन्सच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून आलेली संख्या, त्यामुळे अंक जितका लहान तितके छिद्र मोठे, आणि सेन्सरवरचा प्रकाश या अंकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. या हिशेबाने ५० मिलिमीटर, एफ/१.८ ही तुलनेने स्वस्त स्थिर लेन्स सुमारे साडेनऊ पट प्रकाश देते: दिवाळीच्या पणत्यांच्या उजेडात झूम लेन्सला जेथे १/१० सेकंद लागतो, तेथे हिला सुमारे १/१०० सेकंद पुरतो. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात ५० मिलिमीटरला हात हलल्याचे चित्रात दिसू नये म्हणून साधारण १/७५ सेकंदाहून जलद शटर हवे असते, त्यामुळे हा फरक पुसट आणि स्पष्ट चित्रातला फरक ठरतो. मात्र छिद्र पूर्ण उघडल्यावर स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली फार कमी होते, आणि डोळ्यांवर फोकस केल्यास कानही धूसर येऊ शकतात.

हातात धरून चालणाऱ्या वेगाहून मंद शटरसाठी ट्रायपॉड अपरिहार्य आहे. त्यावर बोटाच्या दाबाने कॅमेरा हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा, आणि आरसा उचलला जाण्याचा धक्का टाळण्याची सोय असल्यास तीही वापरावी.

फिल्टरांपैकी ध्रुवक फिल्टर खरोखर घेण्याजोगा आहे. पाणी, काच किंवा ओल्या पानांवरून तिरकस परावर्तित झालेला प्रकाश मोठ्या प्रमाणात ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच प्रतलात कंप पावतात. पाण्याच्या बाबतीत लंबरेषेशी सुमारे ५३ अंशांचा कोन असताना हा परिणाम कमाल होतो. फिल्टर फिरवून त्या लहरी अडवल्या की पावसाळ्यातल्या सह्याद्रीच्या पानांवरची पांढरी चमक जाऊन खालचा हिरवा रंग उघडा पडतो, आणि चमकेखाली झाकलेला तपशील सेन्सरवर नोंदलाच गेला नसेल तर कोणतेही सॉफ्टवेअर तो नंतर परत आणू शकत नाही. डीएसएलआरसाठी ‘वर्तुळाकार’ ध्रुवकच घ्यावा, कारण आरशाचा काही भाग अर्धपारदर्शक असून त्यातून खाली जाणाऱ्या प्रकाशावर स्वयंचलित फोकस चालतो. एका प्रतलात ध्रुवित झालेला प्रकाश या आरशातून कमी-अधिक विभागला जाऊन फोकस व प्रकाशमापन चुकू शकते. संरक्षणासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त काचेपेक्षा लेन्सच्या पुढे बसणारे हुड बरे. ते आडवा प्रकाशही रोखते.

कोकण, गोवा आणि मुंबईत मात्र या सर्वांआधी कोरडी पेटी घ्यायला हवी. दमट हवेत बंद पिशवीत ठेवलेल्या लेन्सवर बुरशीचे बारीक तंतू पसरतात, आणि त्यांच्यातून स्रवणारी आम्ले काचेवरील लेपनाला कायमची इजा करतात, जी नंतरच्या सफाईने भरून येत नाही. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवून सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखणे पुरेसे असते. मापकाचा काटा वर सरकू लागला की जेल बदलावे.