नदी सर्वांची, निगाही सर्वांची

शहापूर व मुरबाड तालुक्यांत पावसाळ्यात पाण्याला तोटा नसतो. भातसा व काळू या नद्या सह्याद्रीच्या उतारावरून दुथडी भरून वाहतात आणि त्यांचे पाणी अखेरीस उल्हास नदीस मिळते. तथापि उन्हाळा लागला की शहापूर तालुक्यातील अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. ज्या तालुक्यात भातसा धरण उभे आहे, त्याच तालुक्याची ही स्थिती आहे, हे प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावे.

वाशिंद परिसरातील भातसेचे एक वैशिष्ट्य आहे. धरणातून मुंबईसाठी सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत वाहत जाते व तेथे उचलले जाते. मुंबईला रोज लागणाऱ्या पाण्यापैकी सुमारे निम्मे पाणी भातसेचे असते. अर्थात आपल्या काठी पाण्यात जे पडेल, त्याचा परिणाम आपल्यापुरता राहत नाही.

या खोऱ्यात नांदणारे लोक एका प्रकारचे नाहीत. भात, वाल व भेंडी पिकविणारे कुणबी व आगरी शेतकरी आहेत. डोंगराकडील पाड्यांवर ठाकूर व महादेव कोळी आहेत. मासे व खेकडे धरून संसाराला हातभार लावणारे कातकरी आहेत. वाशिंदचे व्यापारी, कारखान्यातील कामगार आणि रेल्वेने रोज मुंबईस जाणारे नोकरदारही आहेत. प्रत्येकाची नदीकडून असलेली गरज निराळी, म्हणूनच तिच्याविषयीचे ज्ञानही निराळे.

प्रस्तुत लेखकाकडून प्रारंभी एक चूक घडली. नदीकाठच्या एका गावी बैठकीची सूचना ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली. जे आले ते सर्व सातबाराचे धनी होते. मासे का मरतात, यावर बराच ऊहापोह झाला. दुसऱ्या दिवशी कातकरी वाडीत गेल्यावर एका वृद्धाने डोह दाखविला आणि तेथे फवारणीचे पंप धुतले जातात, हे सांगितले. उत्तर ज्याच्यापाशी होते, त्याला बैठकीचे बोलावणेच नव्हते.

भिन्न हितसंबंधांच्या लोकांना एकत्र आणणे अशक्य नाही. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा पाया घातला. तेथे पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न ठरविता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरविला, भूमिहीनांचा हक्क मान्य केला आणि ऊस वर्ज्य केला. राजस्थानात अलवर जिल्ह्यातील अरवरी नदीकाठच्या सुमारे सत्तर गावांनी १९९९ च्या सुमारास आपली नदी-संसद स्थापिली. नदीतील मासळीचा ठेका बाहेरच्या ठेकेदारास दिला गेला, त्यास झालेल्या विरोधातून हे ऐक्य वाढले. दोन्ही ठिकाणी नियम लोकांनी स्वतः केले, म्हणूनच ते पाळले गेले.

आपल्याकडे हे कार्य पुढील क्रमाने हाती घ्यावे.

वेळ : बैठक दिवाळीपूर्वी घ्यावी. दिवाळीनंतर बहुतेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात घेतलेला निर्णय त्यांच्यावाचून होतो.

निमंत्रण : प्रत्येक पाड्यावर जाऊन बोलवावे. घाटावर कपडे धुणाऱ्या व पाणी भरणाऱ्या भगिनींशी प्रथम बोलावे. पाण्याचा रंग व वास केव्हा बदलतो, हे त्यांना सर्वांआधी कळते.

पहिले काम : नदीस मिळणाऱ्या ओढ्यावर वनराई बंधारा घालावा. प्रवाह मंदावला की अरुंद जागा व पक्के काठ पाहून सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू किंवा माती भरावी, तोंडे शिवावीत आणि विटांच्या बांधकामाप्रमाणे सांधे चुकवून पोती रचावीत. फटी चिकणमातीने बुजवाव्यात व जादा पाण्यास वाट ठेवावी. पावसाळ्यापूर्वी पोती काढून घ्यावीत. या पाण्यावर वालाला ओल मिळते, गुरांची सोय होते आणि जवळच्या विहिरीही अधिक काळ टिकतात. एकत्र पोते उचलल्याने जी ओळख होते, ती भाषणाने होत नाही.

नियम : प्रारंभी तीनच असावेत. फवारणीचा पंप व औषधाचे डबे पाण्यात धुऊ नयेत; विष घालून मासे मारू नयेत; कचरा व निर्माल्य पात्रात टाकू नये. निर्माल्याचे खत करावे.

शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातील लहान जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपविले आहे. महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये झाले. पाड्यालाही आपली ग्रामसभा घोषित करून घेता येते. तेव्हा हे नियम ग्रामसभेच्या ठरावात नोंदवावेत आणि देखरेखीच्या समितीत प्रत्येक पाड्याचा एक माणूस घ्यावा, मग त्याच्या नावे गुंठाभर जमीन असो वा नसो.

ग्रामसेवक व शेतकरी बंधुभगिनींनो, भातसेच्या पाण्यात कोणाचा वाटा अधिक, हा वाद पुष्कळ काळ चालेल. तिची निगा राखण्याचे काम मात्र त्या वादासाठी थांबवून चालणार नाही. येत्या दिवाळीपूर्वी आपल्या गावच्या ओढ्यावर सर्व पाड्यांची एक बैठक भरवा. आणि ज्यांना आजवर कोणी विचारले नाही, त्यांना प्रथम बोलू द्या.