स्वेटरवाली ताई भंडाऱ्याची!

थंडी पडली की ऑफिस सुटल्यावर आपण तिबेटी मार्केट गाठतो आणि जॅकेटचा भाव पाडायचा निष्फळ प्रयत्न करतो. (माल बराचसा लुधियानाचा असतो, बरं का!) पण ही स्वेटरवाली ताई उरलेलं वर्ष असते कुठे? तिबेटमध्ये? छे! कदाचित विदर्भातल्या धानाच्या बांधीत.

माझं आजोळ दिघोरी, भंडारा जिल्हा. तिथून पुढे अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे, १९७२ सालची. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी तिबेटी लोक तिला अजून ‘भंडारा’च म्हणतात.

मार्च १९५९ मध्ये चिनी सैन्याने ल्हासातला उठाव चिरडला. दलाई लामा भारतात आले, मागोमाग हजारो कुटुंबं. मोठी माणसं हिमालयात रस्ते बांधायला लागली. मुलं तिथेच, खडी आणि धुळीत. आजारी, अर्धपोटी. मे १९६० मध्ये जम्मूकडच्या अशाच छावण्यांतून ५१ मुलं धरमशालेला आली. दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनी त्यांना सांभाळलं. पुढे त्यातूनच ‘तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज’ उभं राहिलं.

ती पोरं आता आजी-आजोबा झालीत. नातवंडांनी तिबेट पाहिलेलाच नाही. लहानपण गेलं ते मे महिन्यातल्या आपल्या ४५ डिग्रीत! पण कागदावर? २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात इथे जन्मलेला प्रत्येक जण कायद्याने भारतीय. नंतर जन्मलेल्यासाठी आई किंवा बाबा भारतीय हवेत. म्हणजे आईबाप तिबेटमधून आलेले असतील, तर १९८६ ची दीदी भारतीय आणि १९८८ चा धाकटा भाऊ परदेशी. एकाच घरात, एकाच ताटात जेवणारे! आणि दीदीचंही सोपं नव्हतंच. १९८६ मध्ये इथेच जन्मलेल्या नामग्याल डोलकर यांना भारतीय पासपोर्टसाठी दिल्ली हायकोर्टात जावं लागलं; निकाल लागला २०१० मध्ये.

आपल्याला ऑनसाइटची ऑफर आली की टेन्शन फक्त व्हिसाचं. त्या धाकट्याकडे पासपोर्टऐवजी पिवळं ‘आयडेंटिटी सर्टिफिकेट’ असतं आणि इथे राहायला वेळोवेळी रिन्यू करायचं नोंदणीपत्र. मग अर्ज करून भारतीय का होत नाहीत, असं मीही विचारायचे. काहींना व्हायचं आहे. काहींना मात्र वाटतं, तो कागद घेतला तर परत जायचा हक्कच सोडल्यासारखं होईल. आजोबांचं गाव परत मिळेल, ही आशा त्यांनी त्या पिवळ्या वहीतच जपून ठेवली आहे.