कोबुर्गच्या ढालीवरचा कृष्णवर्णी संत

कोबुर्ग हे जर्मनीतल्या बव्हेरियाच्या उत्तर टोकाचं शहर. व्हिक्टोरिया राणीचा पती प्रिन्स अल्बर्ट इथल्याच राजघराण्यातला. शहराच्या नगरचिन्हावर मात्र या घराण्याची खूण नाही. सोनेरी ढालीवर आहे एका आफ्रिकी पुरुषाचं काळं मस्तक, कानात बाळी.

हा संत मॉरिस, कोबुर्गचा रक्षक संत. पाचव्या शतकात लिऑनचा बिशप युकेरियस यानं त्याची कथा लिहिली. इजिप्तमधल्या थीब्जच्या ख्रिस्ती सैनिकांची रोमन तुकडी मॉरिसच्या हाताखाली होती. आपल्याच धर्मबांधवांवर शस्त्र उचलायला तिनं नकार दिला, तेव्हा सम्राट मॅक्सिमियननं आधी दर दहांतला एक आणि शेवटी सगळेच कापून काढले. कथेत इतिहास किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तिचा प्रभाव मात्र प्रचंड. जर्मन राजा पहिल्या ऑटोनं ९३७मध्ये माग्डेबुर्गला मॉरिसच्या नावानं मठ स्थापला आणि पुढे हा संत पवित्र रोमन साम्राज्याचा पाठीराखा ठरला.

तोवर चित्रकार त्याला गोराच रंगवत. माग्डेबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये १२४०च्या सुमारास एक दगडी मूर्ती उभी राहिली आणि चित्र पालटलं. अंगात साखळ्यांचं चिलखत, चेहरा निःसंशय आफ्रिकी. त्या शिल्पकाराचं नाव आपल्यापर्यंत पोचलेलं नाही, पण त्यानं माणूस घडवला. कुतूहलाची वस्तू नव्हे. मध्ययुगीन युरोपीय कलेत इतका सन्मान क्वचितच कुणा आफ्रिकी चेहऱ्याच्या वाट्याला आला असेल.

कोबुर्गचं मुख्य चर्चही मॉरिसचंच. धर्मसुधारणेच्या काळात शहर ल्यूथरपंथी झालं, १५३०मध्ये खुद्द मार्टिन ल्यूथर कित्येक महिने इथल्या गडावर राहिला. संतपूजा मागे पडली, तरी चर्चचं नाव बदललं नाही.

ढालीवरून मॉरिसला हटवलं ते नाझींनी. १९२९मध्ये नगरपरिषदेत नाझी पक्षाला निर्विवाद बहुमत देणारं कोबुर्ग हे जर्मनीतलं पहिलं शहर. वंशशुद्धीचा उद्घोष करणाऱ्यांना आपल्या शहराची ओळख एका आफ्रिकी चेहऱ्यानं व्हावी, हे सोसणं शक्यच नव्हतं. १९३४मध्ये त्या जागी तलवार आली, तिच्या मुठीवर स्वस्तिक. १९४५मध्ये नाझी राजवट कोसळली आणि मॉरिस परतला.

२०२०मध्ये याच मस्तकावर वंशवादाचा आरोप झाला; ते बदलावं अशी मागणी आली, तशीच ते राखावं म्हणणारी मोहीमही. मला दोन्हींत तथ्य दिसतं. संत राहायलाच हवा, त्याला काढणं म्हणजे १९३४चंच काम पुन्हा करणं. पण जाड ओठ आणि कानातली बाळी या संताच्या कथेत कुठेच नाहीत. या गोष्टी आल्या युरोपनं आफ्रिकी माणसाच्या रंगवलेल्या ठोकळेबाज चित्रांतून. कोबुर्गनं ढाल नव्यानं रेखाटायची ठरवली, तर नमुना माग्डेबुर्गच्या त्या दगडी चेहऱ्याचा घ्यावा.